पेत

सप्टेंबरात मी ईलीत उतरले तेव्हा
बँकेच्या पाटीवर एकसष्ट लिहिलं होतं.
एकसष्टला आमच्याकडे माणूस शिजेल.
मी स्वेटरची बटणं लावत
तळहातावर पेनाने मांडलं: बत्तीस वजा,
गुणिले पाच, भागिले नऊ.
उत्तर यायच्या आत
पाटीवर वेळ आली, मग कर्जाचा दर.

पहिल्या रविवारी पोतीत्सा केली,
अक्रोड, मध, आईच्या मुठीचं माप.
ओव्हन लावला एकशे ऐंशीवर,
जन्मभर लावत आले तसा.
दोन तासांनी दार उघडलं तर
आत नुसता कोमट गोळा,
तापातून उठलेल्या पोरासारखा फिकट,
थोडा रुसलेलाही.

लेनर्ड मर्हार, वय अठ्ठ्याऐंशी,
ज्यांचे पाय मी रोज चोळते, गोळ्या मोजून देते,
म्हणाले, "भागाकार करत बसतेस
म्हणून गारठतेस.
आकडा नाकाने वाचायचा.
शून्याखाली दहा गेलं की श्वास घेताना
नाकातले केस चिकटतात. वीस गेलं की
बर्फ बुटाखाली नव्या चामड्यासारखं करकरतं."
आणि त्याच्याखाली?
"त्याच्याखालचे आकडे फक्त बढाई मारायला."

नोव्हेंबरात तळहातावरची शाई
भांडी घासताना निघून गेली.
पुन्हा लिहिली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी
काचेवरचं दहिवर नखाने खरवडून
बाहेरचं तापमापक बघत ते म्हणाले, "पेत."
माझ्या हातातला चमचा हवेतच राहिला.
पेत म्हणजे पाच. माझ्या भाषेतले पाच.
त्यांची आजी खाणकामगाराची बायको होऊन
स्लोवेनियातून इथे आली होती.
बटाटे टोपलीत टाकता टाकता
नातवाला मोजायला शिकवायची, दहापर्यंत.
टोपलीत दहाच मावायचे.
त्यामुळे दहाच्या वर त्यांचं सगळं इंग्रजी,
आणि दहाच्या खाली, ऐन कडाक्यात,
ते माझ्या गावचे होतात.

पण पाच त्यांचेच.
आमच्या पाचला लोक द्राक्षांची छाटणी करतात,
यांच्या पाचला पापणीवरचं पाणी थिजतं.
शब्द माझा, थंडी त्यांची.
मी कॉफी ओतली, बशीत सांडली.

फेब्रुवारीत क्लेमेनचा फोन.
"आईला ताप आहे. अडतीस पूर्णांक नऊ."
आणि मला काहीच झालं नाही.
अडतीस म्हणजे जॅकेटची चेन न लावता
टपालपेटीपर्यंत जाऊन येता येतं.
तो हॅलो हॅलो करत राहिला.
मी फ्रिजला टेकून
गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस.
एकशे दोन.
तेव्हा कुठे माझ्या तळव्याला
तिचं कपाळ भाजलं.

ताप ओळखायला तिनेच शिकवलं होतं मला,
कपाळाला ओठ लावून.
त्यात आकडा नव्हताच.

ती बरी झाली. मी मात्र कितीतरी दिवस
रात्री उठून दिवा न लावता
स्वतःच्याच गळ्याला हात लावून बघायचे.

एप्रिल उजाडला आणि
पन्हाळीतून एक थेंब सुटला, मग दुसरा.
लेनर्डनी चष्मा पुसला.
"बत्तीस! तुमच्यात याला काय म्हणतात?"
शून्य, म्हणणार होते मी.
म्हटलं, द्वाइन्त्रीदेसेत.
आमच्यात दोन आधी येतात, तीस मागून.

"भलतंच लांब आहे," ते म्हणाले,
आणि कवळी सावरून लागले कामाला.
द्वाइन. द्वाइन्त्री. पुन्हा द्वाइन.
आजीच्या टोपलीबाहेर
पहिल्यांदाच पाय टाकत होते,
काठी न घेता.
तिसऱ्या वेळेला अडकले तिथेच थांबले.
"बाकीचं उद्या," म्हणाले,
"उद्या छत्तीस सांगताहेत."